वहीतली सत्तावीस नावं: सीमाभागातल्या एका गावात इतिहासावर मत मागितलं त्याची हकीकत

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं हे गाव. नाव देत नाही, कारण गावात चारच बूथ आहेत आणि बूथ कळला की माणूस कळतो. मार्कंडेय नदीच्या काठाला भात, माळाला रताळी नि बटाटा, आणि घरटी एकजण तरी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये. घरात मराठी, सरकारी कागदावर कन्नड, पोरांच्या दप्तरात इंग्रजी. स्टँडला लागून माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. त्यामुळे या तिन्ही भाषांचे कागद दिवसभर माझ्या हातातून जातात. गावाचं चाललंय काय, हे मला ग्रामपंचायतीच्या आधी कळतं असं लोक म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे.

कर्नाटकातला हा मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी संघटना म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत तिचं गावातलं काम आम्ही पाच जणांनी पाहिलं. त्या तीन महिन्यांत काय ठरवलं, काय फसलं, हे इथे लिहितोय. उमेदवार, मतदारसंघ, गावकरी सगळे अनामिक ठेवले आहेत. फसलं ते आमचं, पाच जणांचं. त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडायचं नाही.

आमच्या गावाला ‘समिती’ हा शब्द पक्षाचं नाव म्हणून कुणी शिकवला नाही. तो घरातच होता. १९४६ साली बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला. म्हणून १७ जानेवारी हा इथे हुतात्मा दिन. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि १ नोव्हेंबर हा काळा दिन झाला. १ जून १९८६ ला कन्नडसक्तीच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले, नऊ जण गेले, त्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे. आमच्या गावातल्या चाळिशीच्या वरच्या माणसाला या तारखा विचारा, घरच्या श्राद्धाच्या तिथीसारख्या सांगेल. एकेकाळी या भागातून समितीचे पाच-पाच आमदार बेंगळुरूला जात, तेही सांगेल. तेवढा इतिहास पाठ होता आणि मत मागायला तेवढा पुरेसा आहे अशी आमची समजूत होती.

अडचण

२००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघ मोडले. उचगाव गेला, बेळगाव ग्रामीण आला. त्या निवडणुकीत समितीचा एकही आमदार झाला नाही. २०१३ ला दोन आले, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ ला पुन्हा शून्य. लोक याचं कारण गटबाजी सांगतात. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. गट नव्हते तेव्हाही भांडणं होतीच की.

२०२१ साली दोन गोष्टी घडल्या आणि त्यांनी आम्हाला उलटसुलट शिकवलं. एप्रिलमधल्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मतं पडली. भाजप आणि काँग्रेसमधला फरक होता जेमतेम पाच हजारांचा. त्या रात्री गावात फटाके वाजले. हरलेल्या उमेदवारासाठी फटाके मी पहिल्यांदाच ऐकले. पाच महिन्यांनी बेळगाव महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर झाली आणि भाजपने ५८ पैकी ३५ जागा घेतल्या. तोवर महापालिकेत मराठी पॅनेल, कन्नड पॅनेल असा हिशेब चालायचा. तो एका निवडणुकीत मोडला.

आमच्या गावातली अडचण याहून बारीक होती. आमच्या तारखा दुसरे वापरायला लागले होते. शिवजयंतीची वर्गणी तिन्ही पक्षांकडून येऊ लागली. येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. २ मार्च २०२३ ला मुख्यमंत्री बोम्मईंनी त्याचं अनावरण केलं आणि ५ मार्चला काँग्रेसने त्याच पुतळ्याचा पुन्हा सोहळा केला. गावची पोरं दोन्ही दिवशी भगवे फेटे बांधून गेली. नंतर समितीनेही गडावर जाऊन दुग्धाभिषेक केला, त्यालाही तीच पोरं. मी एकाला विचारलं, “कुणाचा कार्यक्रम चांगला झाला रे?” तो म्हणाला, “जेवण पाच तारखेचं चांगलं होतं, काका.”

दुसरीकडे काँग्रेसची गॅरंटी कार्डं घराघरात पोचत होती. घरच्या बाईला महिन्याला २००० रुपये, २०० युनिट वीज फुकट. एप्रिलच्या शेवटी त्यात बायकांच्या फुकट बसप्रवासाचीही भर पडली. ही कार्डं भरून त्याची झेरॉक्स काढून ठेवायला बायका माझ्याच दुकानात येत. समितीचं काम करणाऱ्या माणसाने त्यांच्याकडून कॉपीमागे दोन रुपये घ्यायचे आणि गप्प बसायचं.

कोणते पर्याय होते

फेब्रुवारीत एका रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. दोघे पन्नाशीच्या पुढचे, एक फाउंड्रीतला सुपरवायझर, एक महिला बचत गटाची अध्यक्ष आणि मी. आमच्यातले सर्वांत वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांचं म्हणणं साधं होतं. हुतात्म्यांचे फोटो, काळ्या दिनाच्या सायकल फेरीचे फोटो, एक सभा, घोषणा. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ ही घोषणा म्हणताना तात्यांचा आवाज अजून चढतो.

सुपरवायझरला सीमाप्रश्न बाजूलाच ठेवायचा होता. रस्ता, गटार, पाणी, बस यावर बोलूया. त्याने एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. “खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आमचा आमदार निवडून आला तर कोर्टात काय फरक पडणार, ते मला एका वाक्यात सांगा. मी उद्यापासून तेच वाक्य सांगत फिरतो.”

तात्यांनी मध्येच १९९६ काढलं. तेव्हा बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले होते. मतपत्रिका नव्हे, पुस्तकच छापावं लागलं. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधायला केलेलं ते आंदोलन होतं. पण त्याच वर्षी लोकसभेची अनामत ५०० वरून १० हजारांवर गेली. तो रस्ता बंद झाला. तात्यांना तो बंद झाल्याचं दुःख आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही थोडं आहे. इतकी खट्याळ कल्पना पुन्हा कुणाला सुचली नाही.

तोडगा बचत गटाच्या वहिनींनी काढला. त्या म्हणाल्या, “तुम्ही बेळगावचा इतिहास सांगताय. आमच्या गल्लीचा कुठं सांगताय? माझी सासू तुरुंगात गेली होती म्हणतात. कुठल्या साली, कशाला, घरात कुणाला ठाऊक नाही.” मग असं ठरलं की आधी गावाचा स्वतःचा इतिहास गोळा करायचा, शिवरात्रीनंतर तो मांडायचा, आणि त्यातूनच मत मागायचं.

हा पहिला निर्णय. आजही तो बरोबर होता असं मला वाटतं. पण आम्ही तो ज्या हेतूने घेतला तो कच्चा होता. आम्हाला प्रचाराचा माल हवा होता. लोकांनी तो घरातली गोष्ट म्हणून दिला.

वही

एक दोनशे पानी वही घेतली. तीन आठवडे संध्याकाळी घरं फिरलो. कोण सत्याग्रहात होतं, कोण हिंडलग्याच्या जेलात होतं, १९८६ ला कोण लाठीत सापडलं. शेवटी सत्तावीस नावं झाली. त्यातली चार माणसं हयात.

या वहीतली एक नोंद इथे सविस्तर देतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरलं. गावच्या वरच्या गल्लीतली एक आज्जी, वय नव्वदीच्या आसपास. साराबंदीच्या काळात गावाने शेतसारा भरायचं नाकारलं होतं. वसुलीला माणसं येणार, भांडीकुंडी उचलून नेणार अशी बातमी आली. आज्जी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. माहेरहून आलेला तांब्याचा हंडा होता. सासऱ्यांनी तो रात्री उकिरड्यात पुरला आणि वर शेण ओतलं. दुसऱ्या दिवशी घरातली पितळेची परात गेली, एक घागर गेली. हंडा राहिला.

आज्जीने तो हंडा माजघरातून बाहेर आणायला लावला. एका बाजूला पोचा आहे आणि बुडाशी हिरवट डाग. चिंच लावून कितीही घासला तरी जात नाही म्हणाली. मी फोटो काढत होतो. ती म्हणाली, “अरे बाबा, फोटो काय काढतोस, हात लावून बघ की. जड आहे.” आणि मग, आम्ही न विचारता, “तेव्हा समितीची पोरं रोज रात्री घरी यायची. चूल पेटली काय, पोरं जेवली काय, विचारून जायची. घागर गेली तशी दुसऱ्या दिवशी मातीची घागर आणून दिली कुणीतरी.”

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पण त्यातलं महत्त्वाचं काय, ते मला तेव्हा कळलं नाही. मी हंड्यावर चौकट काढली. घागरीवर नाही.

मांडणी, आणि पहिली चूक

मार्चच्या शेवटी प्रदर्शन तयार झालं. फ्लेक्सवर सत्तावीस नावं, दहा-बारा जुने फोटो, एक नकाशा. नकाशात महाराष्ट्राने मागितलेली ८६५ गावं. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यायची शिफारस केली आणि बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, हे एका कोपऱ्यात. दुसऱ्या कोपऱ्यात राज्यांची सीमा ठरवायचं पाटसकर सूत्र: खेडे घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष बहुमत, लोकेच्छा. हे चार शब्द आमच्याकडे लहान पोरंसुद्धा पाढ्यासारखे म्हणायची. आता म्हणत नाहीत. मध्यभागी स्टुलावर आज्जीचा हंडा.

जागा ठरवताना घोळ केला. विठ्ठल मंदिराचा सभामंडप मोठा, पंखे आहेत, लोक तसेही हरिपाठाला येतात. म्हणून तिथेच मांडलं. २९ मार्चला निवडणूक जाहीर झाली होती, आचारसंहिता त्याच दिवसापासून लागू. प्रदर्शन सुरू झालं ते त्यानंतर. पहिले दोन दिवस काही झालं नाही, कारण ते गावाचं प्रदर्शन होतं. आज्जी येऊन बसली, नातवंडं आली, म्हातारे फोटोत स्वतःला शोधत होते. तिसऱ्या दिवशी आम्ही इच्छुक उमेदवाराला बोलावलं. त्याने हंड्याला हार घातला. फोटो निघाला, व्हॉट्सअॅपवर गेला.

संध्याकाळी निवडणुकीचं भरारी पथक आलं. देवळाचा वापर प्रचाराला करता येत नाही, हा नियम आम्हाला ठाऊक होता. आम्ही तो मोडतोय हे मात्र जाणवलं नव्हतं. पथकातला माणूस नीट बोलला. मराठीतच बोलला. “इतिहास लावा हो. पण मग तो माणूस हार घालताना कशाला?” प्रदर्शन आवरावं लागलं. हंडा मी स्वतः उचलून आज्जीकडे पोचवला. तिने विचारलं, “जप्त करायला आलते काय?” तिला गंमत वाटत होती. मला नाही वाटली.

उमेदवाराला बोलावण्याचा निर्णय माझा होता. दोन दिवस गर्दी बघून मला वाटलं, ही गर्दी वाया जातेय. त्या हाराने गावाची गोष्ट पक्षाची झाली. सत्तावीस नावांतल्या दोघांचे मुलगे दुसऱ्या पक्षांचं काम करत होते. वडिलांचं नाव फ्लेक्सवर बघून ते पहिल्या दिवशी सहकुटुंब आले होते. हाराचा फोटो फिरल्यावर त्यातला एकजण दुकानात आला. “बापाचं नाव काढा फ्लेक्सवरनं,” एवढंच म्हणाला. मी काढलं नाही, कारण फ्लेक्स आधीच गुंडाळून ठेवला होता. पण त्याचं बरोबर होतं.

चिन्हाची भानगड

हे बाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. समितीला राखीव चिन्ह नाही. तिचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या दप्तरात अपक्ष. त्यामुळे अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्याशिवाय चिन्ह कळत नाही. २०२३ ला ती तारीख होती २४ एप्रिल, मतदान १० मे. शेवटचे दोन दिवस जाहीर प्रचार बंद. म्हणजे हातात दोन आठवडे. शेजारच्या मतदारसंघात समितीच्याच उमेदवाराला वेगळं चिन्ह. लग्नकार्यात पाहुणे भेटले की एक म्हणे आमचं हे, दुसरा म्हणे आमचं ते.

सत्तर वर्षांचा इतिहास आणि पंधरा दिवसांचं चिन्ह. आज्जीला मी मशीनवरचं चित्र तीनदा दाखवलं. चौथ्यांदा तिने विचारलं, “आणि समितीचं कुठलं?”

या बाबतीत आम्हाला गावपातळीवर काही करता येण्याजोगं नव्हतं, म्हणून फार बोलत नाही. एवढंच की दोन महिने आम्ही भिंतीवर, फ्लेक्सवर, भाषणात जे नाव रुजवलं ते मशीनवर नव्हतंच. राष्ट्रीय पक्षाचं उलटं असतं. त्याचं चिन्ह आधीपासून डोक्यात असतं, इतिहास मागाहून चिकटवला तरी चालतो.

टेबल

प्रदर्शन बंद पडल्यावर आम्ही पाच जण आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नव्हतो. मग वहिनींनीच विषय काढला. त्यांनी वही घरी नेऊन वाचली होती. “त्या घागरीचं काय?” म्हणाल्या. “आज्जी हंड्याचं सांगत नव्हती. घागरीचं सांगत होती.”

त्यातून टेबल निघालं. रोज संध्याकाळी सहा ते आठ, स्टँडसमोर माझ्याच दुकानाबाहेर. झेंडा नाही, फोटो नाही. आरटीसी उतारा कन्नडमध्ये येतो. आम्ही अजून त्याला सातबाराच म्हणतो. तो वाचून मराठीत सांगायचा. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, आलेली नोटीस वाचून द्यायची. वारसा नोंदीचा अर्ज भरून द्यायचा. १५ टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेत द्या, ही समितीची जुनी मागणी आहे, १९८१ च्या कायद्याचा आधार घेऊन केलेली. मोर्चात आम्ही ती घोषणेसारखी ओरडायचो. टेबलावर बसल्यावर कळलं की ती किती साधी गोष्ट आहे. एका माणसाच्या उताऱ्यावर त्याच्या चुलत्याचं नाव अकरा वर्षं चढलेलं होतं. दरवर्षी उतारा काढत होता, बँकेत देत होता, वाचता येत नव्हतं.

उतारा वाचून दिल्यावर तो माणूस बराच वेळ बाकावर बसून राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मराठीतनं मागताय ते ह्यासाठी होय?”

तीन महिन्यांत सीमाप्रश्न कुणाला समजावून देता आला असेल तर तो या एका माणसाला. आणि ते भाषणाने झालं नाही.

सुपरवायझरचं मात्र वेगळं मत होतं, आणि ते नोंदवायला हवं. हे काम मी दुकानात पैसे घेऊन करतोच. निवडणुकीच्या तोंडावर फुकट केलं तर लोक ते प्रचारच समजणार. काहींनी समजलंही. एका बाईने अर्ज भरून घेतला आणि उठताना म्हणाली, “तुमच्यात घालते हं मत.” तिला आम्ही मत मागितलं नव्हतं. पण ती खोटं बोलत होती असंही नाही, कर्ज फेडायची तिची ती पद्धत.

निकाल

१३ मेला निकाल लागला. सीमाभागात समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. राज्यात काँग्रेसला १३५ जागा.

गावातल्या चार बूथपैकी एका बूथवर आमचा उमेदवार पुढे होता, तीन ठिकाणी मागे. पुढचा बूथ वरच्या गल्लीचा. आज्जीचं घर तिथेच, वहीतली निम्म्याहून जास्त नावंही तिथलीच. वाचायला बरं वाटतं. पण त्याच गल्लीत उमेदवाराच्या सोयऱ्यांची सहा-सात घरं आहेत आणि तो बूथ २०१८ लाही आमच्याकडेच झुकलेला होता. म्हणून वहीमुळे मतं आली असं मी म्हणणार नाही. मंदिराजवळच्या बूथवर आम्ही सर्वांत मागे पडलो. हाराच्या फोटोमुळे असं तात्या म्हणतात. मला वाटतं गॅरंटी कार्डामुळे. दोघांकडेही पुरावा नाही.

जुलैत गृहलक्ष्मीची, म्हणजे त्याच महिन्याच्या २००० रुपयांची, नोंदणी सुरू झाली. आधार, रेशन कार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स काढायला माझ्या दुकानासमोर सकाळी सातला रांग. आज्जीही आली, सुनेला घेऊन. कार्डावर घरातली मुख्य बाई म्हणून आज्जीचंच नाव होतं, त्यामुळे पैसे तिलाच येणार होते. सून जराशी रुसलेली. आज्जीने कागद माझ्याकडे दिले आणि हळूच विचारलं, “घेतले तर चालतंय न्हवं? समितीचे म्हणून कोण नाही म्हणणार नाही न्हवं?” मी म्हटलं, “आज्जी, सारा तुम्ही भरला नव्हता. हे तर ते देतायत.” ती हसली. सून नाही हसली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे वेळ. वही फेब्रुवारीत सुरू केली, मत मेमध्ये मागितलं. असलं काम निवडणुकीच्या आदल्या वर्षी, निवडणुकीचं नाव न काढता करायला हवं. कुणी म्हणेल, मग त्यात पक्षाचा काय फायदा? कदाचित काहीच नाही. पण आम्ही केलं तसं केल्याने तोटा झाला, हे नक्की.

दुसरं, हार. यावर लिहून झालं.

तिसऱ्या गोष्टीवर आम्हा पाच जणांत अजून एकमत नाही. तात्या म्हणतात की हुतात्म्यांवर जास्त भर द्यायला हवा होता, आपणच नरम पडलो. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. १९८६ च्या गोळीबारात गेलेली माणसं आमच्या शेजारच्या गावांतली आहेत, त्यांची घरं आहेत, दर १ जूनला हिंडलग्याला त्यांचे नातेवाईक येतात. पण मी प्रचारात बोललो ती भाषणं आठवतो तेव्हा लक्षात येतं, प्रत्येक भाषणाचा शेवट ‘त्यांनी रक्त दिलं, तुम्ही एक मत देऊ शकत नाही?’ असा होता. पंचविशीतल्या पोराला मी जन्माआधीचं कर्ज दाखवत होतो. बेंगळुरूला नोकरी करणारा एकजण मतदानासाठी मुद्दाम गावी आला होता. तो म्हणाला, “काका, मी तिथं रोज कन्नड बोलतो. घरी येऊन मला गुन्हेगार का वाटायला लावताय?” त्याचं मत कुणाला गेलं ते मी विचारलं नाही.

इतिहासाची ओढ आम्हालाच लागली होती असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये काँग्रेसने बेळगावात आपली शंभरी साजरी केली. गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत भरलं होतं, गंगाधरराव देशपांड्यांनी त्यासाठी खपून काम केलं होतं. शहरभर रोषणाई, कमानी. २६ तारखेला रात्री मनमोहन सिंग गेले आणि दुसऱ्या दिवशीची सभा रद्द झाली, ती पुढे जानेवारीत घेतली. मी ती रोषणाई बघायला गेलो होतो. त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीपाशी उभं राहून वाटलं, यांच्या इतिहासाला वीजबिल भरणारं कुणीतरी आहे. आणि मग आठवलं की त्याच १९२४ च्या मंडपात कर्नाटक एकीकरणाचं गीतही म्हटलं गेलं होतं. एकाच विहिरीचं पाणी आम्हीही आमचं म्हणतो, तेही त्यांचं म्हणतात. हे आमच्या प्रदर्शनाच्या नकाशात कुठेच नव्हतं. असायला हवं होतं का, यावर मी अजून विचार करतोय. तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, “ते त्यांनी लावावं, आपण कशाला?”

चौथं, टेबल. ते निवडणुकीनंतर बंद पडलं. मी दुकानात पैसे घेऊन उतारे वाचतोच, पण बाहेरचं बाक मी आत घेतलं. पाचांपैकी दोघांनी विचारलं, “आता कुणासाठी?” या प्रश्नाला तेव्हा उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. अकरा वर्षं चुलत्याचं नाव असलेल्या त्या माणसाची नोंद अजून दुरुस्त झालेली नाही. तो मधूनमधून येतो, बाक कुठे गेलं विचारतो.

सध्याची स्थिती

सत्तावीसपैकी हयात असलेल्या चौघांतले दोघे गेल्या दोन वर्षांत गेले. आज्जी आहे. तालुका आणि जिल्हा पंचायतीच्या निवडणुका कधी होणार म्हणून लोक विचारत असतात. मागच्या पावसाळ्यात दोन तरुण दुकानात आले, एका इच्छुकाचे कार्यकर्ते. कुठल्या बाजूचे ते सांगत नाही. त्यांना वही हवी होती, नावांचं रील बनवायचं म्हणाले. मागे पोवाडा, पुढे त्यांच्या साहेबांचा फोटो.

वही दिली नाही. झेरॉक्स दिली. आज्जीचं पान वगळून, आणि कॉपीमागे दोन रुपये घेऊन.